परदेशी सुनेचं, जावयाचं, भाडेकरूचं रेल्वे तिकीट नागपूरहून काढताना

नागपुरात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला दिल्ली, चेन्नई, मुंबई किंवा हावड्याला जायचं असलं की तिकीट काढायचं काम बहुतेक घरातल्या किंवा ऑफिसातल्या मराठी माणसावर येतं. तो स्वतःचं तिकीट काढतो तसंच हेही काढायला बसतो आणि अडकतो. नावाच्या रकान्यात पासपोर्टवरचं नाव मावत नाही. तत्काळची तारीख एका दिवसाने चुकते. "फॉरेनर आहे, कोट्यातून मिळेल" या भरवशावर दीड महिना जातो. पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. गाडी शोधण्याचं काम तिसऱ्या पायरीवर येतं, पहिल्या नाही.

१. आधी प्रवासी कोणत्या गटात बसतो ते ठरवा

पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवा. 'परदेशी' या एका शब्दात चार वेगळी माणसं येतात आणि तिकिटाचे रस्ते चौघांचे चार आहेत.

पर्यटक व्हिसावर आलेला पाहुणा. फॉरेन टुरिस्ट कोटा खरा याच्यासाठी. सगळ्यांसाठी आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं, पण परदेशी पर्यटकांची ३६५ दिवसांची मुदत तशीच राहिली.

विद्यार्थी, नोकरी किंवा अवलंबित व्हिसावर इथे राहणारा. नागपुरात जास्त गोंधळ याच गटाचा होतो. टुरिस्ट कोटा नावाप्रमाणे पर्यटकांचा आहे. दोन वर्षं धरमपेठेत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यावर विसंबू नये. त्याने सर्वसाधारण कोटा आणि तत्काळ, एवढंच गृहीत धरून चालावं.

ओसीआय कार्डवाला, म्हणजे बहुधा मूळ भारतीय वंशाचा परदेशी नागरिक. याचा पासपोर्ट परदेशी, पण व्हिसाची भानगड नाही. तिकिटावर राष्ट्रीयत्व मात्र पासपोर्टचंच लागतं. आजी-आजोबा हिंगण्याचे आहेत म्हणून 'इंडियन' निवडू नका.

एनआरआय. याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणून तिकिटावर तो भारतीयच. अडचण फक्त परदेशी मोबाइल नंबर आणि परदेशी बँक कार्डाची.

इंडरेल पास (परदेशी प्रवाशांसाठीचा जुना रेल्वे पास) घ्या, असा सल्ला जुन्या प्रवास-पुस्तकांत सापडेल. तो पास केव्हाच बंद झालाय, त्याच्या मागे लागू नका.

तपासा: व्हिसाची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना? मुदतवाढीचा अर्ज अडकलेला असताना महिन्यापुढचं महागडं एसी तिकीट काढून ठेवण्यात शहाणपण नाही.

२. खातं, आधार, मोबाइल, पैसे

तिकीट कोणाच्या खात्यावरून काढायचं ते आता ठरवा. नातेवाइकासाठी किंवा मित्रासाठी स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून तिकीट काढायला हरकत नाही. धंदा म्हणून काढून विकलं तर तो रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा ठरतो. त्यामुळे मेसमधल्या दहा परदेशी मुलांची तिकिटं 'थोडं कमिशन' घेऊन काढून देण्याच्या फंदात पडू नका.

खातं आधारशी जोडलेलं हवं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-प्रमाणित खात्यावरूनच निघतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षण उघडल्यावरची पहिली काही मिनिटंही अशाच खात्यांसाठी राखली गेली आणि ही मर्यादा पुढे वाढतच गेली. तुमचं स्वतःचं खातं जोडलेलं नसेल तर आजच जोडा. तत्काळच्या सकाळी नऊ-पंचावन्नला ओटीपीची वाट बघत बसणं म्हणजे तिकीट गेल्यात जमा.

परदेशी माणसाला आधार मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला परदेशी रहिवासी आधार काढू शकतो. पासपोर्ट आणि चालू व्हिसा लागतो, आणि ते आधार व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं. ओसीआयवाल्यालाही १८२ दिवसांची अट आहे, पण त्याचं आधार १० वर्षांचं असतं. भारतीय पासपोर्टच्या एनआरआयला ही अट नाही. वर्षभर राहणार असलेल्याने सहा महिने भरले की लगेच आधार काढून घ्यावं, म्हणजे दर वेळी घरमालकाचा फोन मागायला नको.

नुकत्याच आलेल्या पाहुण्याला परदेशी नंबरवरूनही आयआरसीटीसी खातं उघडता येतं. त्याला नोंदणी शुल्क १०० रुपये अधिक जीएसटी पडतं. तरीही भारतीय सिम घ्याच. गाडी उशिरा असल्याचा किंवा बर्थ बदलल्याचा निरोप तिकिटावर दिलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर प्रवाशाच्या खिशात हवा. काढणारे काका आपला नंबर टाकतात आणि दुपारी झोपून जातात.

पैसे भरायला परदेशी कार्ड चालेल असं धरू नका. एक मार्ग यूपीआयचा ठेवा. त्यात सुविधा शुल्कही कमी आहे: एसीला ३० ऐवजी २० रुपये, बिगर-एसीला १५ ऐवजी १० रुपये, वर जीएसटी. परतावा ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने येतो. पाहुण्याचं कार्ड तो मायदेशी गेल्यावर बंद होणार असेल तर पैसे तुम्ही भरा आणि त्याच्याकडून रोख घ्या.

३. गाडी, स्थानक आणि नागपूरची तारीख

इथे मात्र वेळ द्या.

आधी स्थानक. नागपूर शहरातून लांबच्या गाड्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. नागपूर जंक्शनचा कोड एनजीपी. अजनी वेगळं, आणि आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखलं जाणारं इतवारी वेगळं. पुण्याची वंदे भारत अजनीहून सुटते. दुरांतो आणि सेवाग्राम एक्सप्रेस मुंबईला जातात त्या मुख्य स्थानकावरून. परदेशी माणूस टॅक्सीवाल्याला "नागपूर स्टेशन" म्हणणार आणि टॅक्सीवाला त्याला मुख्य स्थानकावरच सोडणार. गाडी अजनीची असेल तर 'अजनी' हा शब्द देवनागरीत लिहून त्याच्या हातात द्या.

उतरायचं स्थानकही तसंच बघा. दिल्लीला 'नवी दिल्ली' आणि 'हजरत निजामुद्दीन' यांत बराच फरक आहे. विमान पकडायचं असेल तर नवी दिल्ली बरं, अजमेरी गेटच्या बाजूला उतरलं की एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो समोरच.

आता तारीख. नागपूर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या मध्यावर आहे. इथून मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या दुसरीकडून निघून आलेल्या असतात, आणि तत्काळचा हिशेब गाडीच्या मूळ स्थानकावरच्या तारखेने होतो. चुका इथेच होतात, म्हणून उदाहरण घ्या.

पाहुण्याला १५ तारखेला नागपुरातून तामिळनाडू एक्सप्रेसने चेन्नईला जायचं आहे. ती गाडी नवी दिल्लीहून १४ तारखेच्या रात्री निघते आणि १५ ला नागपुरात येते. तत्काळ मूळ तारखेच्या एक दिवस आधी उघडतं, म्हणजे १३ तारखेला: एसीचं सकाळी १० वाजता, बिगर-एसीचं ११ वाजता. "प्रवास १५ चा, तत्काळ १४ ला" असा हिशेब करून १४ च्या सकाळी लॉगिन केलं तर खिडकी उघडून २४ तास झालेले असतात आणि शिल्लक काही नसतं. ६० दिवसांच्या आरक्षणालाही हाच नियम लागतो. या गाडीचं नागपूरचं आरक्षण तुमच्या प्रवासाच्या तारखेपासून मोजलं तर ६१ दिवस आधी उघडतं.

तेलंगणा एक्सप्रेसचं उलट आहे. ती सकाळी हैदराबादहून निघते आणि त्याच दिवशी दुपारी नागपुरात येते, तारीख तीच. म्हणून सगळ्या गाड्यांना एक नियम लावू नका. प्रत्येक गाडीचं वेळापत्रक उघडा आणि नागपूरसमोर 'दिवस १' आहे की 'दिवस २' ते बघा. दिवस २ असेल तर एक दिवस वजा.

सावधान: रात्री १२ नंतर नागपूरहून सुटणाऱ्या गाडीची तारीख पुढच्या दिवसाची असते. 'शनिवारी रात्री' निघायचं असेल आणि गाडी साडेबाराची असेल तर तिकीट रविवारचं काढायचं. पाहुण्याला दिवस न सांगता तारीख आणि २४ तासांची वेळ लिहून द्या, '००:३०' असं. त्याच्या देशात तशीच लिहायची सवय असण्याची शक्यता जास्त.

वेटिंगचे प्रकार. नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीत सर्वसाधारण वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल मिळतं आणि ते सरकतं. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्याला अनेकदा आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्थानकांच्या छोट्या किंवा सामायिक कोट्याचं वेटिंग मिळतं. ते १२ असलं तरी हलेल याची खात्री नसते, कारण त्या कोट्यातले बर्थच थोडे. आकडा लहान आहे म्हणून खूश होऊ नका, अक्षरं वाचा. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात आणि आरक्षित डब्यात चढता येत नाही. "चढून जा, टीसी बघून घेईल" हा आपला घरगुती सल्ला परदेशी माणसाला देऊ नका.

एक उपाय कधीकधी लागू पडतो. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते. नागपूर-मुंबई वेटिंग दाखवत असेल तर गोंदिया-मुंबई बघा आणि चढण्याचं स्थानक नागपूर ठेवा. भाडं थोडं जास्त पडतं. चढण्याचं स्थानक तिकीट काढतानाच निवडा. नंतर बदलायचं राहून गेलं आणि गोंदियाला माणूस चढलाच नाही, तर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो.

वर्षातल्या दोन वेळा वेगळ्या ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा मुंबईच्या गाड्या आमदार, सचिव आणि त्यांच्या फायलींनी भरलेल्या असतात. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी होते आणि सगळ्याच दिशांच्या गाड्या तुंबतात. या दोन्ही वेळी खिडकी उघडते त्याच दिवशी सकाळी ८ ला बसा. तत्काळवर विसंबू नका.

४. डबा आणि बर्थ

मे महिन्यात नागपूरहून स्लीपरने जाण्याचा हट्ट पाहुण्याने धरला तर त्याला पारा ४५ च्या वर जातो हे सांगा. 'खरा भारत' बघायला नोव्हेंबर चांगला. सामान जास्त असेल तर सेकंड एसी घ्या. थर्ड एसीत सहा जणांचं सामान दोन खालच्या बर्थखाली जातं आणि उशिरा येणाऱ्याची बॅग वाटेत राहते.

उंची सहा फुटांच्या वर असेल तर साइड बर्थ टाळा. तिथे डोक्याला आणि पायाला दोन्हीकडे भिंत असते. मुख्य कप्प्यातल्या बर्थवर पाय निदान वाटेच्या बाजूला बाहेर काढता येतात. आरएसी (बसायची जागा पक्की, पूर्ण बर्थ नाही) मिळालं तर साइड लोअर दोघांत अर्धा-अर्धा असतो, हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर अनोळखी माणूस समोर येऊन बसला की भांडण ठरलेलं.

५. नाव, वय, पासपोर्ट भरणं

नावाच्या रकान्यात जास्तीत जास्त १६ अक्षरं बसतात, मधली मोकळी जागा धरून. पासपोर्टवर 'अलेक्झांड्रा रॉड्रिगेज' असेल तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ती १९ होतात. अशा वेळी आडनाव मध्येच तोडू नका. पहिलं नाव पूर्ण आणि आडनावाचं आद्याक्षर द्या, किंवा आद्याक्षर आणि पूर्ण आडनाव. मधलं नाव सोडून द्या. घरातलं लाडाचं नाव, 'अ‍ॅलेक्स', चालणार नाही. हायफन, अपॉस्ट्रॉफी आणि टिंबं असलेली अक्षरं साध्या अक्षरांत लिहा.

क्रम असा ठेवा:

- राष्ट्रीयत्व आधी बदला. मूळ निवड 'इंडिया' असते आणि घाईत तशीच राहते.
- राष्ट्रीयत्व बदललं की पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख मागितली जाते. क्रमांक पासपोर्ट हातात धरून भरा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तिरक्या फोटोवरून नको. शून्य आणि 'ओ' हे अक्षर तिथेच चुकतात.
- जन्मतारीख विचारताना महिना शब्दात विचारा. अमेरिकन माणूस ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल म्हणतो, तुम्ही ४ जुलै भरता.
- पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असेल तर थांबा, नवा क्रमांक आल्यावर तिकीट काढा.

ही माहिती 'मास्टर लिस्ट'मध्ये आदल्या रात्री साठवून ठेवली की तत्काळच्या वेळी एका टिचकीत येते. परदेशी नाव सकाळी १० वाजून १० सेकंदांनी टाइप करत बसायचं नसतं.

तपासा: पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर तारीख, चढायचं स्थानक, वर्ग, नाव, राष्ट्रीयत्व हे पाच रकाने प्रवाशाला मोठ्याने वाचून दाखवा. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक रुपयाही परत येत नाही.

६. सामान

विमानातून आलेला माणूस २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन येतो. बेरीज ४६. थर्ड एसी आणि स्लीपरला मोफत मर्यादा ४० किलो, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. म्हणजे तोच माणूस थर्ड एसीत नियमाबाहेर आणि सेकंड एसीत नियमात. वजनापेक्षाही आकाराचा त्रास मोठा. थर्ड एसीत ट्रंकेचं नियमातलं माप ५५ × ४५ × २२.५ सेंमी आहे, आणि विमानाची मोठी कडक सूटकेस त्यात बसत नाही. ती बर्थखाली आडवी सारून बघावी लागते, फुगलेली असेल तर तीही जात नाही. दोन मोठ्यांऐवजी तीन मऊ बॅगा करा. साखळी आणि कुलूप घ्या, बर्थखाली अडकवायला कडी असते.

पासपोर्ट, पैसे आणि फोन त्या साखळीच्या बॅगेत ठेवायचे नाहीत. ते अंगावर.

७. प्रवासाच्या दिवशी

पहिला चार्ट आता गाडीच्या किमान १० तास आधी लागतो, सकाळच्या गाड्यांचा आदल्या रात्रीच. पीएनआर तेव्हा पुन्हा बघा, डबा आणि बर्थ तिथे कळतो.

नागपूर स्थानकाचं पुनर्विकासाचं काम चालू असल्याने वाटा आणि पार्किंग बदलत राहतात. पाऊण तास हाताशी ठेवून पोचवा. मेट्रोने यायचं असेल तर अ‍ॅक्वा मार्गावरचं 'नागपूर रेल्वे स्टेशन' घ्या. ऑरेंज मार्गावरून येणाऱ्याने सीताबर्डीला बदलावं. पश्चिमेकडचं मुख्य दार आणि पूर्वेकडची संत्रा मार्केटची बाजू यांतली कोणती, ते भेटण्याआधी ठरवा. दोघे दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना फोन करताना गाडी सुटते.

मूळ पासपोर्ट बरोबर हवा. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. ई-तिकिटावर कोणाचंच मूळ ओळखपत्र नसेल तर तो विनातिकीट प्रवास धरला जातो. झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा, पासपोर्ट हरवल्यावर ती कामाला येते.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्याने दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. निघण्याआधी एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाडीची स्थिती दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, गाडी कुठे आहे ते बघा. चढण्याच्या स्थानकावर ३ तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि जायचं रद्द केलं तर पूर्ण परतावा मिळतो, पण टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. गाडी गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर त्याच दिवशी पोचणारी गाडी धरू नका, मध्ये एक रात्र ठेवा. मुक्कामाचा खर्च हुकलेल्या विमानापेक्षा स्वस्त.

८. गाडीत

पाहुण्याला एवढं लिहून द्या. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडायचा, बाकी वेळ खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचं. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे, २० मागितले तर पावती मागायची. टिश्यू पेपर घरून न्यायचा. तक्रार, वैद्यकीय मदत किंवा सुरक्षेसाठी १३९.

चोरी झाली तर उतरण्याच्या स्थानकाची वाट बघायला नको. तक्रारीचा नमुना चालत्या गाडीतच टीसी किंवा गार्डकडे मिळतो. गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. पासपोर्ट गेला असेल तर त्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय पुढे सरकू नका. दूतावास पहिल्यांदा तीच मागतो, आणि देश सोडण्याच्या परवान्यासाठी परदेशी नोंदणी कार्यालयही.

९. पोचल्यावर

परदेशी माणूस जिथे राहतो त्या जागेच्या मालकाने २४ तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाकडे पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म (बहुतेकांना 'फॉर्म सी' म्हणून माहीत असलेला) भरायचा असतो, मग ते हॉटेल असो की मावशीचं घर. स्थानकासमोरची स्वस्त लॉज याच कटकटीमुळे परदेशी पाहुण्याला रात्री अकरा वाजता दारातून परत पाठवतात. मुक्काम आधीच ठरवा आणि फोन करून "फॉरेन पासपोर्ट घेता का" हे एक वाक्य विचारा. सिक्कीम किंवा अरुणाचलला पुढे जायचं असेल तर त्याला वेगळा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज नागपुरातून तिकीट काढण्याच्या आधीचा आहे.